टाकी भरली, पण मासे आजच सोडू नका



मागच्या प्रभागसंघाच्या बैठकीत किनाऱ्याकडच्या गावांतल्या ताईंनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. "खाऱ्या पाण्याची टाकी बसवली, पाणी भरलं, पंप चालू केला. आता मासे कधी आणायचे?" बैठकीत वेळ नव्हता, म्हणून मी एवढंच म्हटलं की अजून महिनाभर थांबा. ते कोणाला पटलं नाही, आणि पटणारही नव्हतं. टाकी भरून तयार दिसते, पाणी नितळ असतं, कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो आणि घरातली माणसं विचारतात, "नुसतं पाणीच बघत बसणार काय?" म्हणून हा सगळा विषय इथे सविस्तर लिहिते.

आपल्याकडे शोभेचे मासे म्हटले की गोड्या पाण्यातले गप्पी, गोल्डफिश डोळ्यांसमोर येतात. समुद्रातले शोभेचे मासे, म्हणजे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश वगैरे, हे काम आपल्याला नवं आहे. पण अशक्य नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या विळिंजम आणि मंडपम इथल्या केंद्रांनी क्लाउनफिशची पिल्लं टाकीत तयार करायची पद्धत बसवली आहे. आपल्या राज्यात कांदळवन प्रतिष्ठानने ऐरोलीला क्लाउनफिशची हॅचरी केली. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर तर बायकांचे गट शोभेची सागरी कोळंबी वाढवतात. हॅचरीतून बारकी पिल्लं आणायची, आपल्या टाकीत विकण्याजोगी होईपर्यंत सांभाळायची, असं हे काम. त्यात सगळ्यात जास्त मासे कधी मरतात? वाढवताना नाही. आणल्यावर पहिल्या दहा-पंधरा दिवसांत.

हे मी ऐकून सांगत नाही. आमच्या गटाने पहिल्यांदा साठ पिल्लं आणली तेव्हा टाकी भरून पाचवाच दिवस होता. पहिले तीन दिवस मासे छान फिरले. आम्ही खूश, शेजारच्या वाडीतली माणसं बघायला यायची. चौथ्या दिवशी त्यांनी खाणं सोडलं. पाचव्या दिवशी सकाळी कोंबड्या सोडायला उठलेल्या आमच्या वहिनींनी हाक मारली, "गो, मासे वर इले!" सगळे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडमीट करत होते. आम्हाला वाटलं हवा कमी पडली, म्हणून दुसरा पंप लावला. मग वाटलं भूक लागली असेल, म्हणून आणखी खाणं टाकलं. तीच मोठी चूक झाली. आठवड्याने मोजले तेव्हा अकरा उरले होते. हॅचरीचा दोष नव्हता आणि रोगही नव्हता. आम्ही त्यांना त्यांच्याच घाणीत कोंडलं होतं, आणि ती घाण डोळ्यांना दिसत नव्हती.

पाण्याला विरजण लागतं

मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि माशांची विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. समुद्रात पाणी अफाट असतं, त्यामुळे तो विरून जातो. टाकीत तो साठतो आणि माशांचे कल्ले जाळतो. मासे वर येऊन तोंड उघडमीट करतात ते यामुळे.

याच्यावरचा उपाय निसर्गातच आहे. एका जातीचे जीवाणू अमोनिया खातात आणि त्याचा नायट्राईट करतात. दुसऱ्या जातीचे तो नायट्राईट खाऊन त्याचा नायट्रेट करतात. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात, आणि थोडं थोडं पाणी बदललं की तो आटोक्यात राहतो. हे जीवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते स्पंजवर, शिंपल्यांवर, टाकीच्या भिंतींवर चिकटून राहतात. नव्या टाकीत ते जवळजवळ नसतातच. त्यांची वस्ती व्हायला कोमट पाण्यातसुद्धा साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात ते जरा सावकाशच वाढतात.

म्हणजे हे विरजणासारखं आहे. दूध भांड्यात ओतलं म्हणून दही होत नाही. आणि विरजण चांगलं असेल तर दही लवकर लागतं. तुमच्या ओळखीच्या गटाची टाकी सहा महिने नीट चालत असेल आणि तिथे रोग नसेल, तर त्यांच्या फिल्टरमधला एखादा स्पंज किंवा मूठभर शिंपल्या मागून आणा. त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणायच्या, वाटेत सुकू द्यायच्या नाहीत. असं जुनं सामान घातलं की वेळ बराच वाचतो. तरीही मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही.

विरजणाला खायलाही लागतं. टाकीत मासे नाहीत, मग अमोनिया कुठून येणार? सोपी पद्धत अशी की एक-दोन कोळंब्या धुऊन पातळ फडक्यात बांधायच्या आणि टाकीत सोडायच्या. त्या कुजतात, अमोनिया तयार होतो. वास येतो, हे आधीच सांगून ठेवते, घरात बोलणी बसतात. तेव्हा हे काम शेडमध्ये करा. आठवड्याने ते फडकं काढून टाका. पंप आणि फिल्टर रात्रंदिवस चालू हवेत, कारण या जीवाणूंनाही हवा लागते. काही जण सांगतात, "दोन स्वस्तातले मासे सोडा, मेले तर मेले, टाकी तयार होते." मला हे मान्य नाही. मुक्या जिवाला उगाच जाळायचं, आणि त्याच्या अंगावर एखादा रोग असला तर तोही टाकीत मुरतो.

आता टाकी तयार झाली हे ओळखायचं कसं? दिसण्यावरून नाही, टेस्ट किटवरून. अमोनिया, नायट्राईट आणि नायट्रेट या तिन्हींचं किट गटाच्या खर्चात धरा. ते टाळून पैसे वाचवू नका. दर दोन दिवसांनी मोजा आणि वहीत लिहा. पहिल्यांदा अमोनिया चढतो. मग तो उतरायला लागतो आणि नायट्राईट चढतो. इथे पुष्कळ जणी फसतात, कारण अमोनिया शून्य आला की वाटतं झालं. खाऱ्या पाण्यात नायट्राईट गोड्या पाण्याइतका घातक नसतो हे खरं, पण तो दिसतोय म्हणजे दुसऱ्या जातीचे जीवाणू अजून पुरेसे झालेले नाहीत. तो पण शून्यावर येऊ दे. अमोनिया शून्य, नायट्राईट शून्य आणि नायट्रेट दिसतोय, असं लागोपाठ चार-पाच दिवस आलं की मग हॅचरीला फोन करा. फोन करण्याआधी थोडं पाणी बदलून साठलेला नायट्रेट कमी करा.

फिल्टरला शिंपल्या कुठल्या? आपल्या खाडीत कालवं काढणाऱ्या बायांकडे कालवांच्या शिंपल्यांचा ढीग पडलेला असतो. त्या घासून, उकळून, उन्हात कडक वाळवून वापरा. त्यांच्यात चुना असतो, त्यामुळे पाणी आम्लाकडे झुकायला लागलं तर त्या थोडाफार आधार देतात. पाण्याचा पीएच ८ ते ८.४ च्या दरम्यान हवा.

हप्त्याचं काय?

खरी अडचण इथे आहे, म्हणून वेगळं लिहिते. आम्ही पाचव्या दिवशी मासे सोडले ते अज्ञानामुळे, पण घाईमुळेही. कर्ज मिळालं त्याच महिन्यापासून हप्ता होता, आणि हप्ता म्हटला की रिकामी टाकी डोळ्यांत खुपते. दुसऱ्या वेळी ग्रामसंघात प्रस्ताव मांडतानाच आम्ही लिहून दिलं की पहिले दोन महिने टाकी तयार होण्यात जातील, त्या काळात फक्त व्याज भरू, मुद्दल नंतर सुरू करू. ग्रामसंघाने चर्चा करून मान्य केलं. भाताची लावणी करण्याआधी भाजावळ, नांगरणी, चिखलणी करतोच ना? तेव्हा पीक कुठे असतं? तुमच्या आराखड्यात हा काळ आधीच दाखवा. नंतर सांगायला गेलं की ती सबब वाटते.

खारेपणा जिभेवर नाही, यंत्रावर मोजा

समुद्राचं पाणी म्हणजे हजार ग्रॅमला साधारण ३५ ग्रॅम क्षार. क्लाउनफिशच्या टाकीत ३० ते ३५ चाललं तरी चालतं, पण रोज तेवढंच राहिलं पाहिजे. हे रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या नळीसारख्या यंत्रावर मोजतात. एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. आधी शुद्ध पाण्याचा थेंब टाकून तो शून्य दाखवतो का ते बघायचं.

पाणी भरतीच्या वेळी, नदीच्या मुखापासून लांब घ्या. पावसाळ्यात खाडीचं पाणी मचूळ होतं, वरचा थर कधी कधी गोडाच असतो, त्या पाण्यावर अवलंबून राहू नका. मे महिन्यातच साठा करून ठेवा. आणलेलं पाणी फडक्यातून गाळा आणि झाकून निवळू द्या. ब्लीचिंग पावडरने शुद्ध करत असाल तर प्रमाण प्रशिक्षणातल्या तक्त्याप्रमाणेच ठेवा, आणि त्यातला क्लोरीन पूर्ण गेल्याशिवाय ते पाणी टाकीत घालू नका. क्लोरीन माशांना मारतो आणि महिनाभर सांभाळलेल्या जीवाणूंनाही. भरपूर हवा सोडून आणि गरजेप्रमाणे हायपो घालून तो काढतात. गेला की नाही हे बघायला नवं काही शिकायला नको. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक पिण्याच्या पाण्याची ओटी टेस्ट करतात तीच करा. पिवळा रंग आला तर थांबा.

समुद्र लांब असेल तर मत्स्यालयासाठी मिळणारं तयार सागरी मीठ गोड्या पाण्यात विरघळवून पाणी करता येतं. स्वयंपाकाचं मीठ मात्र चालत नाही. शिरोड्याच्या मिठागरातलं खडेमीठ बांगड्याच्या तिखल्याला कितीही चव आणत असलं तरी ते मुख्यतः सोडियम क्लोराईड असतं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर क्षार ठरलेल्या प्रमाणात असतात, ते त्यात मिळत नाहीत.

एक गोष्ट सुरुवातीला सगळ्याच चुकतात. टाकीतलं पाणी उन्हाळ्यात उडून कमी होतं, तेव्हा काय भरायचं? गोडं पाणी, क्लोरीन नसलेलं. कारण उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. आपण खारं पाणी भरत गेलो तर खारेपणा चढत जातो. टाकीच्या बाहेरून नेलपॉलिशची रेघ मारून ठेवा आणि रोज तिथपर्यंतच गोडं पाणी भरा. टाकीतलं पाणी उपसून बदलताना मात्र तितक्याच खारेपणाचं पाणी घालायचं.

मासे येतात तो दिवस

निम्मं काम मासे निघायच्या आधी फोनवर होतं. दोन-तीन दिवस आधी हॅचरीला विचारा, तुमच्या टाकीचा खारेपणा किती, तापमान किती, पिल्लांना शेवटचं खाणं कधी देणार? प्रवासाआधी एक दिवस मासे उपाशी ठेवतात. पोट रिकामं असलं की पिशवीत घाण कमी होते. त्यांचा खारेपणा २८ असेल आणि तुमचा ३४, तर तुमची टाकी २८ वर आणून ठेवा. हळूहळू गोडं पाणी घालून दोन-तीन दिवसांत ते सहज होतं. मासे आले, स्थिरावले, की मग रोज एखाद्या अंकाने वर चढवायचं. कमी खारेपणाकडे जाणं मासे त्यातल्या त्यात सोसतात. कमीतून एकदम जास्तीकडे गेलं की त्यांच्या अंगातलं पाणी ओढलं जातं, आणि ते त्यांना फार जड जातं.

पिशवी साधारण अशी येते. दुहेरी प्लास्टिक, एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, तोंडाला रबरबँड आणि बाहेरून थर्माकोलचा खोका. खोका अंधारात प्रवास करून आलेला असतो, म्हणून भर उजेडात झाकण काढू नका. शेडमधले दिवे बंद करा, मुलांना बाहेर पाठवा. मुलं पिशवीवर बोटाने टकटक करतात, आमच्याकडे तर मोठ्या माणसांनीही केली.

पिशवी न उघडता टाकीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, म्हणजे आतलं आणि बाहेरचं तापमान सारखं होईल. टाकीवर ऊन येत असेल तर आडोसा करा, बंद पिशवी पटकन तापते.

यापुढे काय करायचं ते प्रवास किती झाला यावर ठरतं. हा फरक मला कोणी सुरुवातीला सांगितला नव्हता, म्हणून जरा सावकाश वाचा.

प्रवास दोन-तीन तासांचाच असेल तर थेंब-थेंब पद्धत चांगली. पिशवीतलं पाणी आणि मासे स्वच्छ बादलीत घ्या. टाकीतून बादलीत पातळ नळीने पाणी सोडा. नवी, न वापरलेली सलाईनची नळी याला फार सोयीची पडते, तिच्या चाकाने धार कमीजास्त करता येते. सेकंदाला दोन-चार थेंब पडू द्या. बादलीतलं पाणी दुप्पट झालं की अर्धं काढून टाका आणि पुन्हा दुप्पट होऊ द्या. बादलीत हवेचा दगड मंद सोडा. बादलीतला आणि टाकीतला खारेपणा सारखा आला की मासे हलवा.

पण मासे रात्रभर एसटीने किंवा रेल्वेने आले असतील तर ही पद्धत उलटते. बंद पिशवीत माशांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साईड पाण्यात साठतो, त्यामुळे पाण्याचा पीएच खाली येतो. अमोनियाही साठलेला असतो, पण पीएच कमी असल्यामुळे त्यातला बहुतेक भाग अमोनियमच्या रूपात असतो, आणि ते रूप फारसं बाधत नाही. आपण पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साईड उडून जातो आणि पीएच चढतो. पीएच एका अंकाने चढला की विषारी अमोनिया जवळपास दहापट होतो. म्हणजे मासे पिशवीत ज्या पाण्यात कसेबसे तगून होते तेच पाणी उघडल्यावर विष बनायला लागतं. त्यात आपण दीड-दोन तास थेंब सोडत बसलो तर मासे त्या विषातच उभे राहतात. म्हणूनच लांबच्या प्रवासात खारेपणा आधीच जुळवून ठेवायचा, तापमान बंद पिशवीतच जुळवायचं, आणि पिशवी उघडली की वेळ न घालवता मासे टाकीत घ्यायचे. उघडल्यावर आधी एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून खात्री करा. एखाद-दुसऱ्या अंकाचा फरक असला तर हरकत नाही.

दोन्ही पद्धतींत पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. त्यात घाण असते, आणि परक्या टाकीतले रोगजंतूही येऊ शकतात. मासे छोट्या मऊ जाळीने किंवा भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या वाटीने उचला. हाताने धरू नका, माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की रोगाला वाट मिळते. आपल्या हातांनाही काही ना काही लागलेलं असतं, खोबरेल, साबण, कधी डास पळवायचं मलम. टाकीत हात घालायचा तर कोपरापर्यंत नुसत्या पाण्याने खळखळून धुवा.

आणि तांब्या-पितळेचं भांडं टाकीच्या आसपासही नको. आपल्याकडे घागर, कळशी, तांब्या हाताशी असतात, म्हणून मुद्दाम लिहिते. खाऱ्या पाण्यात तांबं सुटतं. माशांना ते थोडं जास्त झालं तरी बाधतं, आणि कोळंबीला तर अगदी थोडंही पुरतं. जस्ताच्या मुलाम्याची बादलीही नको. सगळं प्लास्टिकचं, आणि त्याच कामासाठी वेगळं ठेवलेलं. शेडमध्ये डासांची अगरबत्ती किंवा फवारा मारू नका, हवेचा पंप तीच हवा ओढून पाण्यात सोडतो.

पहिले पंधरा दिवस

टाकी कितीही तयार असली तरी पहिल्या खेपेला सगळे मासे आणू नका. जीवाणू जेवढा अमोनिया मिळतो तेवढेच वाढलेले असतात. एकदम साठ मासे आले तर ते कमी पडतात. आम्ही दुसऱ्यांदा पंधरा आणले, दोन-अडीच आठवडे मोजमाप केलं आणि मग पुढचे आणले. सगळे एकाच हॅचरीचे असले तर बरं. दुसरीकडचे आणणार असाल तर त्यांना तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच मिसळा. त्या वेगळ्या टाकीसाठी एक जास्तीचा स्पंज मोठ्या टाकीत आधीपासूनच मुरत ठेवा.

पहिल्या दिवशी खाणं नाही. दिवेही मंदच. दुसऱ्या दिवशी चिमूटभर, तेही खातायत का बघून. आमच्यातल्या एकीला दया यायची आणि ती गपचूप टाकायची, "बारीक झालेत बिचारे" म्हणून. आता खाणं टाकायचं काम एकीकडेच असतं आणि टाकलं की वहीत वेळ लिहिते. न खाल्लेलं खाणं दहा मिनिटांत नळीने ओढून काढा.

अमोनिया रोज मोजा. दिसला तर खाणं बंद, आणि पाव भाग पाणी बदला, तितक्याच खारेपणाच्या आणि तापमानाच्या पाण्याने. यासाठी एक पिंप तयार पाणी कायम भरलेलं हवं. मासे वर आल्यावर समुद्रावर पाणी आणायला धावायचं म्हणजे उशीर झालाच. फिल्टरचा स्पंज बुजला तर नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यात हलकेच पिळा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आपलं विरजण मारतो. अंगावर पांढरे ठिपके किंवा सोनेरी धुरळ्यासारखा थर दिसला, मासे भिंतीला अंग घासायला लागले, तर प्रशिक्षण दिलेल्या केंद्राला लगेच फोन करा, फोटो पाठवा. दुकानदाराने दिलेलं औषध डोळे झाकून टाकीत ओतू नका, काही औषधं जीवाणूंचीही वाट लावतात.

क्लाउनफिश दिसायला गोंडस, पण आपसांत भांडखोर. लहानपणी सगळे नरच असतात. कळपात जो सगळ्यात मोठा आणि दांडगा होतो तो पुढे मादी बनतो, म्हणून ही मोठेपणासाठीची मारामारी चालते. एकाच आकाराची पिल्लं एकत्र ठेवा. लपायला पाइपचे तुकडे किंवा कुंभाराकडची न रंगवलेली छोटी मडकी द्या. शोभेसाठी समुद्रातून प्रवाळ मात्र आणू नका, मेलेलं सुकं सुद्धा नाही. प्रवाळ आणि समुद्रघोडा यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. एका सुंदर दगडापायी गटावर गुन्हा नको.

वीज गेली तर? आपल्याकडे पावसाळ्यात कधी कधी दिवसभर नसते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घ्या आणि दर आठवड्याला तो चालतो का बघा. तोही बंद पडला तर प्लास्टिकच्या मगाने टाकीतलंच पाणी हातभर वरून परत टाकीत ओतत राहा, आळीपाळीने. एका रात्री आम्ही चौघींनी पहाटे साडेतीनपर्यंत हे केलं आहे. एकही मासा गेला नाही.

आणि गिऱ्हाईकाला विकताना हे सगळं त्यालाही सांगायचं. गेल्या महिन्यात एक गृहस्थ आले, लेकीच्या वाढदिवसाला सहा क्लाउनफिश हवे होते. आम्ही विचारलं टाकी कधी भरली. म्हणाले, काल. आम्ही मासे दिले नाहीत. ते चिडले, गेले. गटात त्यावरून वाद झाला, दारात आलेला पैसा परत लावला म्हणून. आम्ही त्यांना आमच्या फिल्टरमधल्या दोन मुठी शिंपल्या ओल्या फडक्यात बांधून दिल्या होत्या आणि दर दोन दिवसांनी काय मोजायचं ते कागदावर लिहून दिलं होतं. परवा त्यांचा फोन आला, नायट्राईट अजून शून्यावर आलेला नाही, अजून किती दिवस लागतील म्हणून विचारत होते.